एका जॅकेटचे सात वारस



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या आमच्या बाई या गावात शिवणवर्ग चालवत. मी त्या वर्गात दोन वर्षं बसले. पहिल्या दिवशी बाईंनी माझ्या हातात कात्री दिली नाही. एक जुना ब्लाउज दिला आणि म्हणाल्या, "हा आधी उसव." बाही कुठं सुटते, मुंढा कसा वळतो, टक्स किती खोल घेतला आहे, हे मला शिवताना कळलं नाही, उसवताना कळलं. त्यामुळे बाईंच्या नावानं बोलायचं म्हटल्यावर विषयासाठी फार शोधाशोध करावी लागली नाही. आज आपण एक जॅकेट उसवून बघू. ते पॅरिसचं आहे, १९४७ सालचं आहे, आणि ज्यानं ते काढलं तो माणूस दहा वर्षांत गेला. जॅकेट मात्र अजून शिवलं जातंय. दर वेळी कुणीतरी नवा येतो आणि ते नव्यानं बेततो. आतापर्यंत असे सात जण आले.

घराण्याचं नाव दिओर. इंग्रजीत फॅशन हाऊस म्हणतात, मी घराणं म्हणते, आणि मुद्दाम म्हणते. कारण घराणं म्हटलं की आपल्याला लगेच प्रश्न पडतात. गादी कुणाकडे गेली? शिष्यानं गुरूचंच गाणं गायलं, की स्वतःचं? स्वतःचं गायलं तर ते घराण्याचं राहिलं का? मोगूबाई कुर्डीकरांनी अल्लादिया खाँसाहेबांकडून घेतलेलं गाणं त्यांच्याच लेकीनं, किशोरीताई आमोणकरांनी, कुठल्या कुठे नेलं, तेव्हा घराण्याची शिस्त मोडली म्हणणारे जाणकार काही कमी नव्हते. आज जयपूर घराण्याचं नाव निघालं की आधी किशोरीताईच आठवतात. मग घराणं कशात असतं? हाच प्रश्न मला त्या जॅकेटला विचारायचा आहे.

चला, १९४७ साली जाऊ. फेब्रुवारीची १२ तारीख. महायुद्ध संपून दोन वर्षंही झालेली नाहीत. पॅरिसमध्ये कडाक्याची थंडी, कोळशाची टंचाई, ब्रेड रेशनवर. ३०, अव्हेन्यू माँतेन या पत्त्यावर बेचाळीस वर्षांचा ख्रिश्चन दिओर आपल्या नावाचे पहिले कपडे दाखवतो. युद्धाच्या काळात बायकांचे कपडे कसे होते? चौकोनी खांदे, आखूड स्कर्ट, कापडाची काटकसर. आणि इथं एक बाई चालत येते. अंगात हस्तिदंती रंगाच्या शांटुंग रेशमाचं जॅकेट, खांदे उतरते आणि मऊ, कंबर आवळून घेतलेली, कमरेखालचा भाग आतून भर घालून फुलवलेला. खाली काळ्या लोकरीचा चुण्यांचा स्कर्ट, पार पोटरीपर्यंत. या जोडीचं नाव बार. 'हार्पर्स बझार'च्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्या कपड्यांना 'न्यू लूक' म्हटलं आणि ते नाव जगभर झालं.

हे जॅकेट शिवणाऱ्याच्या नजरेनं बघा. ते अंगावर बसतं म्हणण्यापेक्षा अंगाला बसवतं. आत अस्तराच्या मागे एक अख्खं बांधकाम आहे. बाईची कंबर कशीही असो, जॅकेटची कंबर ठरलेली आहे. हाडासारख्या पट्ट्या घालून शिवलेल्या चोळ्या, आतून घातलेली भर, ही सगळी आज्यांच्या काळातली कारागिरी दिओरनं परत आणली. म्हणजे जगाला जे नवं वाटलं, ते शिवणाच्या हिशेबानं चांगलं जुनं होतं.

आणि लोकांना ते सरसकट आवडलं असं समजू नका. रू लेपिक या बाजाराच्या रस्त्यावर हे घेरदार कपडे घालून मॉडेल उभ्या केल्या, तेव्हा तिथल्या बायका त्यांच्या अंगावर धावून गेल्या, कपडे ओढले. त्याची छायाचित्रं आहेत. मुलांना घालायला कापड नाही आणि तुम्ही एवढा घेर मिरवता? मला त्या बायकांचा राग समजतो. आणि पाच वर्षं राखाडी कपड्यांत काढलेल्या ज्या बाईला तो घेर हवासा वाटला, तिलाही मी नावं ठेवणार नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दिओरला भांडवल कुणी दिलं? मार्सेल बुसाक या कापडगिरण्यांच्या मालकानं. स्कर्टचा घेर वाढला की गिरणीला काम मिळतं. घराण्याच्या जन्मापासून मालक तिथं हजर आहे.

आणि हातही हजर आहेत. दिओर चित्रं काढायचा. चित्राचं कापड करणं हे वेगळंच काम, आणि त्यासाठी त्यानं पातू या घराण्यातून मार्गरीत कारे हिला आणून शिवणखान्याची सूत्रं तिच्याकडे दिली. या घराण्यांत शिवणखान्याचे दोन भाग असतात. एकात झुळझुळीत, पडते झगे शिवतात, दुसऱ्यात कोट-जॅकेटचं कडक काम होतं. प्रत्येकाची एक प्रमुख असते. डिझायनरचं चित्र तिच्या हाती येतं, आणि ती आधी मांजरपाटावर कच्चा झगा उभा करते. हो, मांजरपाटच! आपण ज्या कोऱ्या कापडावर कटिंग शिकलो, तसल्याच कापडावर पॅरिसचा लाखमोलाचा झगा पहिल्यांदा उभा राहतो. त्यावर टाचण्या लागतात, पेन्सिलीच्या रेघा पडतात, बाही उसवली जाते, परत टाचली जाते. तो बरोबर झाला की मग रेशमाला कात्री लागते. फ्रान्समध्ये ओत कुत्यूर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापानं बेतलेले उंची कपडे, हे नाव कुणीही उठून लावू शकत नाही. पॅरिसमध्ये स्वतःचा शिवणखाना आणि त्यात पगारी कारागीर असतील तरच ते लावता येतं. थोडक्यात, हात नाहीत तर घराणं नाही, हे तिथं नियमातच आहे.

२४ ऑक्टोबर १९५७ रोजी इटलीत माँतेकातिनी इथं दिओर गेला. वय ५२. फ्रान्सच्या कपड्यांच्या निर्यातीतला मोठा वाटा या एका घराण्याचा, आणि कर्ता माणूस गेला. गादीवर बसवलं एका एकवीस वर्षांच्या मुलाला. ईव्ह सें लॉराँ, अल्जीरियातल्या ओरानचा, दिओरच्याच हाताखाली तयार झालेला. या सात जणांत गुरूसमोर बसून शिकून गादीवर आलेला शिष्य असा हा एकच. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं हे कधीच घडलं नाही.

आणि या शिष्यानं पहिलं काय केलं? जानेवारी १९५८च्या आपल्या पहिल्या संग्रहात त्यानं कंबरच काढून टाकली. गुरूनं जी कंबर आवळून जग जिंकलं, ती शिष्यानं सैल सोडली. खांद्यापासून खाली रुंदावत जाणारा झगा, 'त्रापेझ' म्हणतात त्याला. अव्हेन्यू माँतेनवर गर्दी जमली, मुलगा गॅलरीत येऊन उभा राहिला, वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. विचार करा, हा गुरुद्रोह होता का? मला तसं अजिबात वाटत नाही. गुरूनं युद्धकाळाचे चौकोनी खांदे मोडले, शिष्यानं गुरूची कंबर मोडली. दोघांनी एकच गोष्ट केली. जो शिष्य बार जॅकेटचीच थोडी वेगळी आवृत्ती काढत बसला असता, तो माझ्या मते गुरूपासून जास्त दूर गेला असता.

पण कथा इथं गोड होत नाही. दोन वर्षांनी, १९६० साली, त्याच मुलानं पॅरिसच्या रस्त्यावरच्या तरुण पोरांना बघून काळं चामड्याचं जाकीट काढलं. गिऱ्हाईक बायका नाराज झाल्या. त्याच वर्षी त्याला सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं, तिथं तो मनानं खचला, इस्पितळात पडला, आणि इकडं त्याची जागा भरली गेली. त्यानं कोर्टात जाऊन भरपाई मिळवली, पुढं स्वतःचं घराणं काढलं, तो वेगळा इतिहास. मला एवढंच दाखवायचं आहे की बंडखोरी तीच, माणूस तोच. एकदा गॅलरीत टाळ्या, एकदा दार बंद. गाण्यातल्या घराण्यात गादी गुरू देतो आणि ती कुणाला काढून घेता येत नाही. इथं गादी मालक देतो आणि मालकच काढून घेतो.

दुसरा वारस मार्क बोहाँ. त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, मीही आज थोडकंच बोलते, पण ते बरोबर नाही हे मान्य करून. जवळजवळ तीस वर्षं, १९८९पर्यंत, त्यानं हे घराणं सांभाळलं. नीटस, घालण्याजोगे कपडे काढले, गाजावाजा केला नाही. शिवणखान्यात तीस वर्षं तेच हात तीच शिस्त गिरवत राहिले, याचं श्रेय त्याच्याकडे जातं. त्याच काळात मालकाची बाजू मात्र ढासळली. बुसाकच्या गिरण्या डबघाईला आल्या, १९७८ साली दिवाळं निघालं, आणि १९८४ साली बेर्नार आर्नो या उद्योजकानं तो सगळा पसारा विकत घेतला. त्यात गिरण्या होत्या, दुकानं होती, आणि दिओर हे नाव होतं. पुढं याच आर्नोनं उंची वस्तूंचं जगातलं सगळ्यात मोठं साम्राज्य उभं केलं. ओत कुत्यूरचा झगा फार थोड्या बायका विकत घेतात, पण त्या झग्याच्या झळाळीवर अत्तर विकलं जातं, लिपस्टिक विकली जाते, पर्स विकल्या जातात. नवा डिझायनर आणायचा, त्याची चर्चा घडवायची, आणि त्या चर्चेवर पर्स विकायची, ही रीत आता पक्की झाली.

आर्नोनं आणलेला पहिला माणूस इटलीचा जानफ्रांको फेरे. शिक्षणानं आर्किटेक्ट, आणि तरुणपणी कामानिमित्त भारतात राहिलेला. पॅरिसच्या घराण्यावर इटालियन माणूस बसवला म्हणून फ्रेंचांना राग आला होता. त्यानं कपडे अक्षरशः इमारतीसारखे बांधले.

मग आला जॉन गॅलियानो. जन्म जिब्राल्टरचा, वाढ लंडनची. घराण्याला पन्नास वर्षं पुरी होत होती त्या जानेवारी १९९७मध्ये त्यानं पहिला संग्रह दाखवला. त्याच्या हाती बार जॅकेटचं नाटक झालं. २००७ साली त्यानं 'मादाम बटरफ्लाय' या ऑपेराच्या कल्पनेवर जपानी संग्रह केला. त्यात जॅकेटच्या कमरेखालचा भाग कागदाच्या घड्यांसारखा दुमडलेला, आणि एका कोटावर चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट. कारागिरीचा तो कळस होता, यात मला शंका नाही. पण याच माणसानं २००० साली पॅरिसच्या बेघर माणसांच्या चिंध्यांवरून ओत कुत्यूर केलं, वर्तमानपत्रांचे झगे केले, आणि घराण्याच्या दारात निदर्शनं झाली. ते मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. ज्याच्याजवळ पांघरायला काही नाही, त्याची चिंधी रेशमात करून विकायची नसते. पुढं २०११ साली पॅरिसच्या एका कॅफेत ज्यू लोकांबद्दल त्यानं काढलेले अत्यंत घृणास्पद उद्गार बाहेर आले. घराण्यानं त्याला काढलं, कोर्टानं दोषी ठरवलं. आणि मग? पुढचा संग्रह ठरल्या दिवशी दाखवायचा होता. तो दाखवला गेला. त्या दिवशी शेवटी मंचावर कोण आलं माहीत आहे? पांढरे एप्रन घातलेले शिवणखान्यातले कारागीर. गादी रिकामी होती, पण कपडे तयार होते.

यानंतर २०१२ साली बेल्जियमचा राफ सिमन्स आला. हा खरं तर औद्योगिक डिझाइन शिकलेला, पुरुषांचे साधे-कडक कपडे करणारा. पहिल्या ओत कुत्यूर संग्रहासाठी त्याला जेमतेम आठ आठवडे मिळाले. त्या आठवड्यांवर 'दिओर अँड आय' नावाचा माहितीपट आहे, मिळाला तर जरूर बघा. त्यातला एक प्रसंग सांगते. सिमन्सला एका चित्रकाराची चित्रं कापडावर हवी होती, पण वरून छापलेली नको होती. ताण्याचे धागे आधी छापायचे आणि मग विणायचे, म्हणजे कडा विरघळल्यासारख्या दिसतात. आपल्याकडे इकतमध्ये धागे आधी रंगवून मग विणतात ना, त्याच कुळातली गोष्ट. वेळ नाही, जमणार नाही, असं सगळे म्हणत राहिले. तो अडून बसला, आणि ते कापड झालं. दुसरीकडे, त्याला शिवणखान्याच्या प्रमुख बाई हव्या असतात आणि त्या जागेवर नसतात. कुठं गेल्या? एका गिऱ्हाइकाचा झगा अंगावर घालून बघायला अमेरिकेत. सिमन्स वैतागतो. नव्या माणसाला वाटतं शिवणखाना आपला आहे. शिवणखान्याचं गिऱ्हाइकाशी वर्षानुवर्षांचं नातं असतं, हे त्याला तिथं कळतं.

त्या माहितीपटात कितीतरी कारागीर असे दिसतात की ज्यांचं आयुष्य त्या चार भिंतींत गेलं. त्यांनी साहेब बदलताना पाहिले. प्रत्येक साहेबाचं चित्र वेगळं, चित्र काढण्याची तऱ्हा वेगळी, सिमन्स तर स्वतः चित्रंही काढत नसे. पण मांजरपाटावर टाचणी लावणारा हात तोच. सिमन्सनं बार जॅकेट काळ्या रंगात, पुरुषी टक्सिडोसारखं, खाली सरळ पँट घालून आणलं. कंबर जुनीच ठेवली आणि चाल मात्र आजच्या बाईची दिली. साडेतीन वर्षांत तो स्वतःहून निघून गेला. वर्षाला इतके संग्रह, विचार करायला उसंत नाही, हे तो उघड बोलला.

आणि २०१६ साली, सत्तर वर्षं होत आली तेव्हा, बायकांचे कपडे करणाऱ्या या घराण्याच्या गादीवर पहिल्यांदा एक बाई बसली. मारिया ग्राझिया किउरी, रोमची, शिवणकाम करणाऱ्या आईची मुलगी. तिनं बार जॅकेटमधली भर काढली, ते मऊ केलं, बाईला त्यात श्वास घेता यावा असं केलं. शिवणाऱ्या आईच्या मुलीला हे सुचावं यात मला नवल वाटत नाही.

पण तिचं खरं काम आपल्या दाराशी आहे. ३० मार्च २०२३च्या संध्याकाळी मुंबईत, गेटवे ऑफ इंडियासमोर, दिओरचा संग्रह दाखवला गेला. चालत येणाऱ्या मुलींच्या मागे एक प्रचंड तोरण उभं होतं, दारावर लावतो तेच तोरण, पण इमारतीएवढं, आणि सगळं हाताच्या भरतकामाचं. ते मुंबईतल्या चाणक्य या संस्थेच्या कारागिरांनी केलं. किउरीचं आणि चाणक्यचं नातं ती दिओरला यायच्या कितीतरी आधीचं, फेंडी या घराण्यात ती नोकरी करत होती तेव्हापासूनचं. चाणक्यच्या करिश्मा स्वाली यांनी पुढं स्कूल ऑफ क्राफ्ट काढलं. तिथं बायकांना भरतकाम शिकवतात, आणि हे मोठं आहे, कारण आपल्याकडे जरदोजीचा अड्डा हा पिढ्यानपिढ्या पुरुषांचा. त्या शाळेतल्या बायकांनी भरलेले ध्वज २०२० साली पॅरिसच्या ओत कुत्यूर सोहळ्यात लागले होते.

मी मुंबईत अशा एका कारखान्यात गेले होते, अगदी साध्या, नावाची पाटीही नसलेल्या. लाकडी अड्ड्यावर कापड ताणलेलं. चार-पाच जण मांडी घालून भोवती. कागदावर बारीक भोकं पाडून खाका केलेला, त्यावरून पूड फिरवून नक्षी कापडावर उतरवलेली. कारागिराचा एक हात वर, एक कापडाखाली. खालच्या हातात दोरा, वरच्या हातात आरी. आरी खाली जाते, दोरा पकडते, वर येते, आणि तेवढ्यात एक टिकली बसते. नजर न हटवता तो माझ्याशी बोलत होता. मी विचारलं, हे कुणाचं काम? तो म्हणाला, "बाहेरचं आहे." एवढंच त्याला माहीत होतं.

किती वर्षं पॅरिसची कितीतरी घराणी 'बाहेरचं' म्हणून आपल्याकडून भरतकाम करून घेत आली आणि आपलं नाव कुठं नव्हतं! किउरीनं ते नाव घेतलं, आणि मुंबईत येऊन घेतलं. या सात वारसांमधला हा मला सगळ्यात मोठा बदल वाटतो. कंबर वर गेली की खाली, घेर वाढला की घटला, हे बदल दर हंगामाला होतात. हात कुणाचा हे सांगितलं जाणं, हा बदल पंचाहत्तर वर्षांत एकदा झाला.

तो टिकला का? मे २०२५मध्ये किउरीनं दिओर सोडलं. सातवा वारस उत्तर आयर्लंडचा जोनाथन अँडरसन. पुरुषांचे कपडे, बायकांचे कपडे आणि ओत कुत्यूर, हे तिन्ही ख्रिश्चन दिओरनंतर पहिल्यांदाच एका माणसाच्या हाती आले. जूनमध्ये त्यानं बार जॅकेट चक्क पुरुषाच्या अंगात घातलं, आयर्लंडच्या डोनेगल ट्वीडमध्ये, खाली अर्धी विजार. मला ते मनापासून आवडलं. आणि त्याच संग्रहात एक सोनेरी कोट होता. त्यावरचं काम लखनौकडचं मुकैश, तारेचं. दाखवताना ना मुकैशचं नाव घेतलं गेलं, ना भारताचं. लोकांनी ते लगेच ओळखलं आणि बोलून दाखवलं. बघा, वारस बदलला आणि हात पुन्हा निनावी झाले. एका माणसाच्या चांगुलपणावर ठेवलेली गोष्ट त्या माणसाबरोबर जाते. ती घराण्याच्या वहीत लिहून ठेवावी लागते.

वहीवरून शेवटची एक विनंती. दिओरच्या घराण्यात जुने झगे, चित्रं, कापडाचे नमुने जपून ठेवलेले आहेत. नवा माणूस आला की आधी त्या साठ्याची दालनं उघडतो. सातही वारसांना मोडायला काहीतरी मिळालं, कारण ते ठेवलेलं होतं. बाईंच्या वर्गात आपण खाकी कागदावर कटिंग काढून वह्यांत चिकटवत होतो. झबलं, सहा कळ्यांचा परकर, पोलकं. बाईंच्या तांबड्या पेन्सिलीच्या दुरुस्त्या त्यांवर आहेत. त्या वह्या तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, नाहीतर सासूबाईंच्या कपाटात असतील. वाचनालयानं त्यांच्यासाठी कपाटाचा एक खण द्यायचं कबूल केलं आहे. माझी वही मी आणली आहे, ती आता या टेबलावर ठेवते. तुमच्या वह्या महिनाअखेरीपर्यंत आणून द्या, आणि देताना पहिल्या पानावर आपलं पूर्ण नाव लिहा.